व्हेनिसच्या मुखवटा-नृत्याला जायचंय? मग सुरुवात बुटांपासून करा

व्हेनिसच्या कार्निव्हलचे फोटो बघून जायचं ठरवलेली माणसं आधी मुखवटा घेतात. मग त्याला शोभणारा पोशाख शोधतात. बूट, जिने, जेवण आणि स्वच्छतागृह या गोष्टी त्यांना थेट त्या रात्रीच आठवतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा करायला हवा. बॉलचा, म्हणजे या मुखवटा-नृत्याच्या मेजवानीचा, पोशाख संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंगावर चढतो तो रात्री दोन-तीनला उतरतो. मधल्या वेळात पूल चढायचे असतात, बोटीत पाय ठेवायचा असतो, टेबलाशी बसून चार टप्प्यांचं जेवण करायचं असतं आणि नाचायचंही असतं. हे सगळं ज्यात जमेल तो पोशाख चांगला. बाकीचे फोटोपुरते.

तारीख, तिकीट, व्हिसा

कार्निव्हलची तारीख दर वर्षी सरकते, कारण ती ईस्टरला बांधलेली आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या बुधवारी सुरू होतो त्याच्या आदल्या मंगळवारी कार्निव्हल संपतो. हा मंगळवार २०२७ मध्ये ९ फेब्रुवारीला आहे आणि २०२८ मध्ये २९ फेब्रुवारीला. गोव्याचा कार्निव्हलही याच हिशेबाने चालतो, त्यामुळे पणजीत कार्निव्हलच्या राजाची, किंग मोमोची, मिरवणूक निघते त्याच दिवसांत व्हेनिसही मुखवट्यात असतं. मोठे बॉल बहुतेक शेवटच्या दहा-बारा दिवसांत, त्यातही शेवटच्या गुरुवारपासून मंगळवारपर्यंत होतात.

आजचा कार्निव्हल वाटतो तितका अखंड जुना नाही. त्याचा बहर अठराव्या शतकातला. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि सार्वजनिक मुखवटेही हळूहळू गेले. सध्याचं रूप १९७९-८० च्या सुमाराला पुन्हा सुरू झालेल्या उत्सवाचं आहे. म्हणूनच इथल्या बॉलमध्ये ‘ऐतिहासिक’ आणि ‘अद्भुत’ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात: खाली अठराव्या शतकातला घेरदार झगा आणि डोक्यावर गलबत किंवा सूर्यमंडळ.

सर्वांत गाजलेला बॉल म्हणजे ‘इल बालो देल दोजे’. वेशभूषाकार अंतोनिया साउटर यांनी तो १९९४ मध्ये सुरू केला. पूर्वी तो ग्रँड कॅनॉलवरच्या पालाझ्झो पिझानी मोरेत्ता या जुन्या वाड्यात होत असे, पुढे स्कुओला ग्रांदे देल्ला मिझेरिकोर्दियाच्या प्रचंड दालनात गेला. दर वर्षी एक स्वप्नवत कल्पना ठरते आणि सजावट, कलाकार, कसरती सगळं तिच्याभोवती रचलं जातं. याशिवाय वेगवेगळ्या पालाझ्झोंमध्ये लहान-मोठे बॉल होतात. जेवणासह तिकीट काही शे युरोंपासून थेट काही हजारांपर्यंत जातं. बऱ्याच ठिकाणी ‘जेवणानंतर प्रवेश’ असं स्वस्त तिकीटही असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच घ्यावं असं मला वाटतं. जेवणाच्या वेळेत भाषा येत नसलेल्या शेजाऱ्याशी तीन तास हसत बसण्यापेक्षा बाहेर पोटभर खाऊन दहा-अकराला आत शिरणं सोपं, आणि खरी धमाल त्यानंतरच सुरू होते. मात्र काही कलाकारांचे खेळ जेवणाच्या वेळीच असतात. ते तिकिटाच्या माहितीत नीट वाचून घ्या.

तिकीट काढण्याआधी पोशाखाचा नियम लेखी मागवा. ‘ऐतिहासिक पोशाख सक्तीचा’, ‘ऐतिहासिक किंवा फँटसी’ आणि ‘टक्सिडो किंवा लांब गाऊन, सोबत मुखवटा’ या तीन नियमांत खर्चाचा फरक विमानाच्या तिकिटाएवढा पडू शकतो. शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच लिहून टाका. व्हेनिसचं जेवण समुद्राचं आहे, आणि आयत्या वेळी सांगितलेल्या शाकाहाराला उत्तर म्हणून कोशिंबीर येते. ‘मासे नको’ हे वेगळं लिहायला विसरू नका, ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, दोन-तीन महिने हाताशी ठेवा. बॉलची तिकिटं सहसा परत होत नाहीत. त्यामुळे रद्द करता येणारं हॉटेल, मग व्हिसा, मग बॉलचं तिकीट हा क्रम सुरक्षित. जागा भराभर संपत असतील तर धोका तुमचा तुम्ही तोलायचा.

भाड्याने, शिवून, की आपलाच?

व्हेनिसमध्ये ऐतिहासिक पोशाख भाड्याने देणारे कारखाने आहेत, त्यांना तिथे आतेलिए म्हणतात. आतेलिए निकोलाओ आणि आतेलिए पिएत्रो लोंगी ही त्यातली जाणती नावं. साधारण काही शे युरोंत पुरुषाचा कोट, आतलं लांब जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार, विग आणि तिकोनी टोपी मिळते. बाईला कोर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी), घेराचा सांगाडा, परकर आणि झगा. छाती, कंबर, नितंब, उंची, बाहीची लांबी आणि डोक्याचा घेर ही मापं आधी ईमेलने पाठवा आणि बॉलच्या आदल्या दिवशी घालून बघण्याची वेळ ठरवा. बूट बहुधा भाड्यात नसतात. पोशाख दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला परत करायचा असतो, त्यामुळे त्याच पहाटेचं परतीचं विमान घेऊ नका.

इथे शिवून न्यायचा असेल तर नाटकाच्या ड्रेपरीचं, म्हणजे पोशाखांचं, काम करणारा शिंपी शोधा. लग्नाचे ब्लाउज शिवणाऱ्याला हे जमणार नाही असं नाही, पण ड्रेपरीवाल्याला लांबून उठून दिसणारं आणि आतून झटपट उतरणारं कापड कसं बेतायचं हे ठाऊक असतं. कापडाला मुंबईत मंगलदास मार्केट आणि लेस-काठांना भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठ. झळाळणारं सॅटिन टाळा. मेणबत्त्यांच्या पिवळ्या उजेडात आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये ते प्लास्टिकसारखं दिसतं. ब्रोकेड, मखमल, जाड रेशीम यांना त्याच उजेडात खोली येते. कोर्सेटला ताठपणा यावा म्हणून आत घालायला हौशी वेशभूषाकार इलेक्ट्रिशियनच्या दुकानातले रुंद केबल टाय वापरतात. टोकं गोल कापून घासली की ते छान काम करतात. घेराच्या सांगाड्याला वेत किंवा पातळ प्लास्टिकची नळी चालते. तो कमरेला नाडीने बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी दुमडता येईल असा करायचा, नाहीतर व्हेनिसच्या गल्ल्यांत समोरून येणारा माणूस आणि तुम्ही यांपैकी एकालाच जाता येईल.

तिसरा मार्ग माझा आवडता आहे आणि तो फार कमी मराठी माणसं निवडतात. व्हेनिसचा सुवर्णकाळ आणि पेशवाई एकाच शतकातली आहे. व्हेनिसचा साहसी लेखक कॅसानोव्हा याचा जन्म १७२५ चा, मृत्यू १७९८ चा. नाना फडणवीस १७४२ ते १८००. तेव्हा ‘अठराव्या शतकातला दरबारी पोशाख’ या अटीत घेरदार जामा, चुडीदार, कमरेला शेला आणि पगडी चोख बसतात. संयोजकांना एक फोटो पाठवून विचारा, बहुतेकांना ही कल्पना आवडेल. पण मग पोशाख खरोखर त्या काळाचा हवा. लग्नाच्या मंडपातली शेरवानी आणि बांधून मिळणारा फेटा घालून गेलात तर तुम्ही नवरदेव दिसाल, आणि शेजारी विगवाले फ्रेंच लोक हाताच्या शिवणीची लेस घालून उभे असतील.

बायकांसाठी तर नऊवारी ही व्हेनिसला पाठवलेली देणगीच आहे. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात. चारशेहून जास्त पुलांच्या या शहरात, जिथे जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, शेजारची बाई सांगाड्यासकट झगा सावरत चढत असताना तुम्ही सरळ चालत जाल. नाचतानाही तोच फायदा. आत ऊबदार थर्मल घाला, काष्ट्याखाली ती अजिबात दिसत नाहीत. फक्त पैठणीच्या काठाला खारट चिखल लागू देऊ नका. घोट्याच्या वर नेसा आणि हॉलमध्ये गेल्यावर काठ खाली सोडा. नथ मात्र अर्ध्या मुखवट्याच्या खालच्या कडेत अडकते. दाबाची हलकी नथ घ्या आणि मुखवट्यासकट घरीच तासभर घालून बघा.

युरोपीय पोशाख करायचा तर पूर्ण करा, पेशवाई करायची तर पूर्ण करा. तिकोनी टोपीवर पैठणीचा शेला असली मिसळ फोटोत गंमतीची वाटते, पण प्रत्यक्षात दोन्हीकडचं काहीच धड दिसत नाही. फँटसी बॉलला हा नियम लागू नाही. तिथे वनदेवता व्हा, समुद्राची राणी व्हा, काहीही व्हा. फक्त सकाळी सान झक्कारियाच्या धक्क्यावर दिसणारे ते प्रचंड पिसाऱ्यांचे, पूर्ण चेहरा झाकलेले वेश पाहून तसाच करायचा मोह आवरा. ते लोक उजाडता फोटो काढून घ्यायला आलेले असतात. त्या वेशात बसता येत नाही, पिता येत नाही, आणि दारातून आत येताना पिसारा बाहेर राहतो.

मुखवटा

मुखवटा करणाऱ्या कारागिरांना व्हेनिसमध्ये ‘मास्करेरी’ म्हणत आणि त्यांचे स्वतंत्र नियम १४३६ सालचे आहेत. आज पेठेत टांगलेले बहुतेक मुखवटे स्वस्त प्लास्टिकचे असतात. ओळखायचं कसं? उलटा करून आतून बघा. कागदाचे थर, बोटाने दाबल्यावर किंचित लवचीकपणा आणि टिचकीला मंद आवाज आला तर तो कागदाच्या लगद्याचा. ‘का माकाना’सारख्या जुन्या कार्यशाळांत कारागीर समोर काम करताना दिसतात आणि स्वतः रंगवायलाही शिकवतात. अर्धा दिवस तिथे घालवणं, दुकानं फिरण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आता कोणता घ्यायचा. बॉलसाठी माझं उत्तर ‘बाउता’. पांढरा, हनुवटीकडे पुढे आलेला मुखवटा, काळा रेशमी बुरखा, अंगावर ‘ताबार्रो’ नावाचा पांघरायचा झगा आणि तिकोनी टोपी. हनुवटीखाली मोकळी जागा असल्याने मुखवटा न काढता खाता-पिता येतं, आणि आवाजही बदलतो. जुन्या काळी उमराव आणि सामान्य माणूस त्याखाली सारखेच दिसत आणि दोघांनाही ‘सिओरा मास्केरा’ म्हणजे ‘मुखवटाबाई’ अशीच हाक मारत, आत पुरुष असला तरी. १६३८ मध्ये सुरू झालेल्या सरकारमान्य जुगारघरात, रिदोत्तोमध्ये, मुखवटा घालूनच जावं लागे. ते जुगारघर १७७४ मध्ये बंद झालं, बाउता टिकला.

डोळ्यांपुरता ‘कोलोंबिना’ हा दुसरा चांगला पर्याय, विशेषतः नऊवारी किंवा पगडीबरोबर. जेवायला, बोलायला, श्वासाला त्रास नाही. लांब चोचीचा ‘प्लेगचा डॉक्टर’ लहान मुलांना आवडतो, पण नाचताना जोडीदाराच्या डोळ्यात चोच जाते. आणि ‘मोरेत्ता’ हा बायकांचा काळा मखमली गोल मुखवटा आतल्या बटणाला दातांत धरून ठेवावा लागतो. तो घातला की तोंडातून शब्द निघणार नाही. संग्रहालयात तो बघणंच बरं. तेही का’ रेझोनिकोमध्ये, चित्रकार पिएत्रो लोंगीच्या १७५१ च्या चित्रात. त्यात मुखवटेवाले व्हेनिसकर एका गेंड्याकडे बघत उभे आहेत आणि राखणदार त्याचं गळालेलं शिंग हातात धरून दाखवतोय. ती क्लारा नावाची गेंड्याची मादी, भारतातून बंगालमार्गे डच जहाजाने १७४१ मध्ये युरोपात नेलेली. पोशाख ठरवण्याआधी हे चित्र जरूर बघा. बाउता खऱ्या माणसांच्या अंगावर कसा पडायचा ते त्यात नीट कळतं.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले, म्हणजे तिथल्या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवातले, मुखवटे सुंदर असतात आणि ‘आपलं काही न्यावं’ असं कुणालाही वाटेल. ते नेऊ नका. ते देवांचे मुखवटे आहेत, त्यांची पूजा होते, पार्टीत वाइनच्या ग्लासाशेजारी ठेवण्याची ती वस्तू नव्हे.

नवीन मुखवट्यात घरीच तीन गोष्टी करा. कपाळ आणि गालांच्या जागी आतून स्पंजच्या बारीक पट्ट्या चिकटवा: मुखवटा चेहऱ्यापासून थोडा दूर राहतो, हवा खेळते, घामाने कागद मऊ पडत नाही. इलॅस्टिक काढून मखमली रिबीन लावा. सॅटिनची रिबीन केसांवरून घसरते. आणि रिबीन विगच्या किंवा पगडीच्या खाली बांधा, वर नको. चष्मा असेल तर त्या रात्री लेन्स लावा, किंवा दांडीवर हातात धरायचा मुखवटा घ्या. चष्म्यावर मुखवटा आणि मुखवट्यावर चष्मा, दोन्ही प्रकारांत धुकं जमतं.

विमानात मुखवटा आणि पगडी हातातल्या सामानात, कडक डब्यात, आत मोजे कोंबून. नाटकातली तलवार असेल तर ती खालच्या सामानात.

बूट, थंडी, पाणी

फेब्रुवारीत व्हेनिसचं तापमान साधारण १ ते ९ अंशांच्या आसपास फिरतं आणि ओलाव्यामुळे ते अंगात शिरतं. पुलांच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या आहेत, पावसात अतिशय निसरड्या. म्हणून वाटेसाठी रबरी तळव्याचे बूट, आणि नाचाचे बूट कापडी पिशवीत. हॉलमध्ये कोट ठेवायच्या जागी बदलायचे. नाचाचे बूट नवे कोरे नकोत. घरी, मोजे घालून, फरशीवर दोन-चार संध्याकाळी त्यांत वावरा. टाच जाड आणि कमी उंचीची.

समुद्राला भरती येऊन शहरात पाणी चढतं त्याला ‘आक्वा आल्ता’ म्हणतात. ऑक्टोबर २०२० पासून मोझे नावाचे बंधारे मोठी भरती अडवतात, पण सान मार्कोचा चौक शहरातला सर्वांत सखल, तिथे त्याआधीच पाणी झिरपू शकतं. संध्याकाळी भरतीचा अंदाज बघा. झग्याचा घोळ आतून दोन नाड्यांनी वर बांधता येईल अशी सोय शिंप्याकडून करून घ्या. सबंध रात्र हातात कापड धरून कुणी चालत नाही.

व्हेनिसचे पत्ते गल्लीच्या नावाने नसून विभाग आणि अनेकदा चार आकडी नंबरावर असतात. बॉलची जागा दुपारी उजेडात एकदा पायी जाऊन बघून या, रस्ता आणि पुलांची संख्या दोन्ही कळतील. पालाझ्झोला पाण्याकडचा दरवाजा आणि जमिनीवरचा दरवाजा असे दोन असतात, कुठून आत घेणार ते विचारून ठेवा. पाण्याकडून उतरायचं असेल तर वॉटर टॅक्सी लागते. ती महाग असते, म्हणून त्याच हॉटेलातल्या दोन-चार जणांनी मिळून करावी. साधी सार्वजनिक बोट, व्हापोरेत्तोही झग्यासकट चालते, आणि त्यात तुम्ही एकटे वेशधारी नसता. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जागेच्या अगदी जवळचं हॉटेल घ्यावं, भाडं दुप्पट असलं तरी.

त्या दिवशी

दुपारी नीट जेवा, पण कोर्सेट असेल तर हलकं. कार्निव्हलातल्या ‘फ्रित्तेल्ले’ म्हणजे मनुका घातलेल्या तळलेल्या गोळ्यांनी पोट भरू नका, संध्याकाळी पश्चात्ताप होतो. पोशाख चढवायला दीड तास धरा. क्रम असा: थर्मल, मोजे, बूट, मग स्वच्छतागृह, मग कोर्सेट. बूट कोर्सेटच्या आधी, कारण नंतर वाकता येत नाही. कोर्सेट आवळल्यावर बसून एक मोठा श्वास घ्या. जमत नसेल तर नाडी सैल करा, फोटोत दोन बोटांचा फरक कुणालाही दिसत नाही. मेकअप मुखवट्याच्या कडेबाहेर पसरू नये इतका कमी, आणि डोळ्यांभोवती काळा रंग: भोकांतून मधली गोरी-सावळी त्वचा दिसली की मुखवटा उसना वाटतो.

घेर असेल तर खुर्चीच्या कडेवर बसा आणि दारातून तिरक्या अंगाने शिरा. स्वच्छतागृहात जायला एखादी सोबतीण ठरवून ठेवा. हे विनोदाने सांगत नाही, संध्याकाळचा खरा नियोजनाचा भाग हाच आहे.

आत गेल्यावर कुणाच्या मुखवट्याला हात लावू नका आणि ‘चेहरा दाखवा’ म्हणू नका. फोटो हवा असेल तर ‘पोस्सो?’ एवढं विचारलं की पुरे. सुरुवातीला बहुधा मिनुएट हा जुना दरबारी नाच किंवा गटाने करायचे नाच होतात. दुपारी त्यांचे वर्ग काही ठिकाणी असतात, एक तास द्या. आलेल्यांपैकी निम्म्यांना काहीच येत नसतं, आणि मुखवट्यामुळे चुकणारा कोण हे कळत नाही. गटाच्या नाचात पुढच्याच्या खांद्याकडे बघा, पायांकडे नको. मुखवट्यातून खालचं दिसतच नाही, त्यामुळे पायऱ्या उतरताना भिंतीकडेने, कठडा धरून.

एवढा खर्च नको असेल तर सान मार्कोच्या चौकात दिवसा पोशाख करून फिरायला कुणी पैसे मागत नाही. १७२० पासून चालू असलेल्या काफे फ्लोरियानमध्ये वेशधाऱ्यांची गर्दी असते. कॉफी महाग आहे, काचेबाहेरून बघणं फुकट. आणि व्हिसाचा खटाटोपच नको असेल तर पणजीच्या क्लुब नासिओनालचा लाल-काळ्या कपड्यांतला नाच कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री असतो. त्याला कोर्सेट लागत नाही.

परत आल्यावर

पोशाख परत करताना डागांची कबुली आधी द्या, अनामत रकमेवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मुखवटा ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, आतल्या घामट स्पंजच्या पट्ट्या काढून टाका आणि सावलीत दोन दिवस वाळवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कागदाचा मुखवटा बाहेरच्या भिंतीवर टांगला तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी येते. जून ते सप्टेंबर तो डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत, कपाटाच्या वरच्या फळीवर.